नाईलकाठापासून तांबड्या समुद्रापर्यंत : संत अँथनींच्या वाटेने

सोमवार, कैरो

वसईत आणि गोव्यात घरोघरी ज्या संत अँथनींची तसबीर दिसते, कडेवर बाळ येशू आणि हातात लिलीची फुले असलेले, ते पादुआचे अँथनी होत. त्यांचा काळ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. फ्रान्सिस्कन संघात जाताना त्यांनी आपले जन्मनाव सोडून हे नाव घेतले, ते जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका मिसरी संन्याशाचे. त्या मूळ अँथनींचे जन्मगाव, नाईलकाठचा त्यांचा एकांतवास आणि तांबड्या समुद्राजवळच्या डोंगरातली त्यांची गुहा ही ठिकाणे त्यांच्या आयुष्यात ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने पाहायची, असे ठरवून मी आणि माझे एक वसईकर स्नेही ऐन जानेवारीत इजिप्तला आलो आहोत. कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, पंचांगाप्रमाणे त्यांचा सण ३० जानेवारीला येतो आणि रोमन पंचांगाप्रमाणे १७ जानेवारीला, त्यामुळे हा महिना आम्हांला योग्य वाटला.

अँथनींबद्दल जे कळते त्याचा मोठा भाग अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी लिहिलेल्या चरित्रातून येतो. इ.स. ३५६ मध्ये अँथनी वारले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हे चरित्र लिहिले गेले. त्या सुमारास खुद्द अथनेशियस सम्राटाच्या शिपायांपासून लपून वाळवंटातल्या संन्याशांच्या आश्रयाने राहत होते, ही गोष्ट चरित्र वाचताना ध्यानात ठेवावी लागते, कारण आश्रय देणाऱ्या माणसांविषयीची कृतज्ञता त्याच्या पानापानांत आहे. दुसरे साधन म्हणजे वाळवंटातल्या वडीलधाऱ्या संन्याशांची वचने. त्यांच्या एका जुन्या संग्रहात अँथनींच्या नावावर ३८ वचने आहेत. शिवाय त्यांची सात पत्रे उरली आहेत. चरित्रात अँथनी शाळेची पायरी न चढलेले दिसतात, पण पत्रांतला माणूस खोल विचार करणारा, 'स्वतःला ओळखा' हे पुन्हापुन्हा विनवणारा आहे. मला ही पत्रे अधिक जवळची वाटतात.

आजचा दिवस जुन्या कैरोतल्या कॉप्टिक संग्रहालयात गेला. १९०८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात मी सर्वांत अधिक वेळ एका लहानशा पुस्तकापुढे उभा होतो. ते कॉप्टिक भाषेतले स्तोत्रांचे पुस्तक आहे, चामड्यावर लिहिलेले आणि लाकडी पुठ्ठ्यांत बांधलेले. १९८४ मध्ये बेनी सुवेफ प्रांतातल्या अल-मुदिल येथील दफनभूमीत, बारा वर्षांच्या सुमाराच्या एका मुलीच्या डोक्याखाली ते सापडले. अँथनी याच प्रांतातले आणि त्यांची मातृभाषाही हीच. गुहेत रात्रभर ते जी स्तोत्रे म्हणत ती कोणत्या अक्षरांत लिहिली जात, हे इथे डोळ्यांनी पाहता येते.

मंगळवार, किमन अल-अरूस आणि दैर अल-मैमून

कैरोहून दक्षिणेला नाईलच्या पश्चिम काठाने निघालो. आमचे गाडीवान कॉप्टिक ख्रिस्ती आहेत. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला त्यांनी लहानसा क्रूस गोंदवून घेतला आहे आणि गिअर बदलताना दर वेळी तो दिसतो. इथल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांत मुलांना लहानपणीच असे गोंदवतात.

किमन अल-अरूस हे गाव अँथनींचे जन्मगाव मानले जाते; जुन्या लेखांतले त्याचे नाव कोमा. इ.स. २५१ च्या सुमारास एका सधन शेतकरी घरात ते जन्मले. गावाभोवती अजूनही काळी, ओलसर जमीन आहे, तिच्यात बरसीमचा हिरवा चारा दाट उभा आहे, पाटाच्या कडेने खजुरीची झाडे आहेत आणि बगळे गुरांच्या मागून फिरत आहेत. या जमिनीची किंमत कळल्याशिवाय पुढच्या गोष्टीचे वजन कळत नाही. अठरा-वीस वर्षांचे असताना अँथनींचे आईवडील गेले, धाकट्या बहिणीची आणि घरादाराची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि सहा महिन्यांच्या आतच एके दिवशी चर्चमध्ये शुभवर्तमानातला तो उतारा त्यांच्या कानी पडला, ज्यात येशू श्रीमंत तरुणाला आपले सारे विकून गोरगरिबांना द्यायला आणि मागे यायला सांगतात. अँथनींनी बाहेर येऊन वडिलोपार्जित ३०० अरूरा जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. आजच्या मापाने ती दोनशे एकरांच्या आसपास भरते, आणि नाईलच्या गाळाची, सुपीक दोनशे एकर जमीन ही कोणत्याही काळात लहान गोष्ट नव्हे.

बहिणीसाठी म्हणून त्यांनी थोडे बाजूला ठेवले होते. पुढे 'उद्याची चिंता करू नका' हे वचन ऐकल्यावर तेही दान केले आणि बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या हवाली केले. या जागी मी नेहमी अडखळतो, कारण त्या मुलीला कोणी काही विचारल्याची नोंद नाही. तरी अथनेशियसनी तिला अगदीच विसरून टाकलेले नाही. उतारवयात अँथनी बहिणीला भेटले तेव्हा ती स्वतः म्हातारी झाली होती आणि इतर कुमारिकांची वडीलधारी म्हणून राहत होती, एवढे त्यांनी आवर्जून लिहिले आहे.

त्या काळी दूर वाळवंटात जाऊन राहण्याची रीत नव्हती. ज्याला तप करायचे तो गावाच्या वेशीपाशी झोपडी करून राही. अँथनींनी शेजारच्या गावातल्या अशाच एका वृद्धाकडे धडे घेतले, जिथे कोणी सज्जन असल्याचे कळे तिथे जाऊन एकाकडून सौम्यपणा, दुसऱ्याकडून जागरण, तिसऱ्याकडून सोशिकपणा उचलला, आणि हाताने काम करून भाकरीपुरते ठेवून बाकीचे गरजूंना दिले. नंतर ते गावाबाहेरच्या एका थडग्यात राहू लागले, आणि सुमारे पस्तिसाव्या वर्षी नाईल ओलांडून पूर्वेच्या डोंगरकडेच्या एका ओसाड गढीत गेले.

ती गढी पिस्पीर येथे होती. आज तिथे दैर अल-मैमून नावाचे गाव आहे. आम्ही पूल ओलांडून दुपारी तिथे पोहोचलो. दोन जुनी, ठेंगणी चर्चे आहेत; अँथनींच्या नावाच्या चर्चमध्ये जमिनीखालची एक छोटी अंधारी जागा त्यांची राहण्याची जागा म्हणून दाखवतात. या गढीचे दार आतून बंद करून अँथनी जवळजवळ वीस वर्षे राहिले. वर्षातून दोनदा छतावरून भाकऱ्या आत सोडल्या जात आणि बाहेर आलेल्या मित्रांना आतून आरडाओरड्याचे, झटापटीचे आवाज येत. शेवटी लोकांनी दार मोडून काढले. बाहेर आलेल्या माणसाचे अथनेशियस जे वर्णन करतात ते मला पूर्ण चरित्रातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. अँथनी स्थूल झाले नव्हते आणि उपासाने खंगलेलेही नव्हते; एवढी गर्दी पाहून ते बावरले नाहीत आणि एवढे लोक नमस्कार करतात म्हणून हरखलेही नाहीत. वीस वर्षांच्या एकांतातून तोल सावरलेला, निरोगी माणूस बाहेर आला, आणि त्याच दिवशी त्याने आजाऱ्यांची विचारपूस केली, भांडलेल्यांचा समेट केला, दुःखितांचे सांत्वन केले. अँथनींच्या एकांतामागे माणसांचा कंटाळा नव्हता, ही गोष्ट पुढच्या सबंध प्रवासात माझ्या मनातून गेली नाही.

बुधवार, वादी अरबा आणि संत अँथनींचा मठ

कुरैमातपासून पूर्वेला तांबड्या समुद्राकडे जाणारा रस्ता धरला. शेवटचे शेत मागे पडल्यावर हिरवा रंग काही क्षणांत संपतो आणि मग तासन्‌तास खडी, वाळू आणि दोन्ही बाजूंना उत्तर आणि दक्षिण गलालाचे सपाट माथ्याचे डोंगर. मधल्या रुंद दरीला वादी अरबा म्हणतात. हेच अंतर अँथनींनी भटक्या बदाऊन अरबांच्या एका तांड्याबरोबर तीन दिवस तीन रात्री चालून काटले होते.

त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. ३११ मध्ये सम्राट मॅक्सिमिनसच्या राजवटीत ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू असताना अँथनी गढी सोडून अलेक्झांड्रियाला गेले. खाणींत आणि तुरुंगांत टाकलेल्यांची त्यांनी सेवा केली, न्यायालयात उभ्या केलेल्यांना धीर दिला. न्यायाधीशाने संन्याशांना शहर सोडण्याचा हुकूम काढला तेव्हा इतर लपले, पण अँथनींनी आपला अंगरखा धुतला आणि दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाला स्वच्छ दिसेल अशा उंच जागी जाऊन उभे राहिले. त्यांना कोणी हात लावला नाही. छळ थांबल्यावर ते परतले, पण आता पिस्पीरला माणसांची रीघ लागली होती, म्हणून ३१३ च्या सुमारास ते या आतल्या डोंगराकडे निघाले. डोंगराच्या पायथ्याशी गोड, थंड पाण्याचा झरा आणि काही खजुरीची झाडे दिसली आणि त्यांना ती जागा तत्काळ आवडली.

झऱ्यामुळेच इथे मठ वसला. बाहेरून तो उंच तटबंदीतल्या खेड्यासारखा दिसतो. तटावर कप्पी आणि दोर असलेली एक खोली आहे. हल्ल्यांच्या काळात दरवाजा चिणून टाकलेला असे आणि माणसे व धान्य त्या दोराने वर ओढून घेत. आम्हांला मठ दाखवणारे अबूना (कॉप्टिक लोक संन्याशांना याच नावाने हाक मारतात) पूर्वी औषधशास्त्र शिकलेले. त्यांच्या काळ्या टोपडीवर दोन्ही बाजूंना सहा-सहा क्रूस भरले आहेत, बारा प्रेषितांचे, आणि मागे एक. टोपडीच्या मधोमध कपाळापासून मागपर्यंत एक शिवण जाते. सैतानाशी झटापट होऊन अँथनींची टोपडी फाटली आणि त्यांनी ती शिवून पुन्हा घातली, त्याची ती खूण, असे अबूनांनी सांगितले.

जुन्या चर्चमध्ये मात्र आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. १२३२-३३ मध्ये थिओडोर नावाच्या चित्रकाराने आपल्या साथीदारांसह या भिंती रंगवल्या. नंतरच्या शतकांत मेणबत्त्यांच्या आणि चुलींच्या काजळीने चित्रे काळवंडून गेली होती. १९९६ ते १९९९ या काळात इटालियन तज्ज्ञांनी ती बोटभर-बोटभर स्वच्छ केली आणि खालचे तांबडे, पिवळे, हिरवट निळे रंग पुन्हा वर आले. मांडणीतही अर्थ आहे. दाराकडच्या भागात घोड्यावर स्वार झालेले हुतात्मे आहेत, त्यांतून पुढे गेले की भिंतीवर संन्यासी ओळीने उभे आहेत, आणि मगच वेदी येते. मॅकेरियस यांचा हात एका पंखधारी देवदूताने मनगटाशी धरला आहे. पूर्वाश्रमीचे दरोडेखोर मोशे आहेत. अँथनी आणि त्यांच्याही आधी वाळवंटात राहिलेले मानले जाणारे थीबचे पौल शेजारी शेजारी उभे आहेत. पौलांच्या अंगात खजुरीच्या पात्यांचे विणलेले वस्त्र, पायांशी दोन सिंह, आणि वर चोचीत भाकरी घेऊन आलेला कावळा. सगळ्यांचे डोळे मोठे आणि थेट आपल्याकडे पाहणारे आहेत. चित्रकाराने प्रत्येकाच्या दाढीचे वळण वेगळे काढले आहे: कोणाची टोकदार, कोणाची दोन भागांत विभागलेली, कोणाची कमरेपर्यंत आलेली. ही माणसे त्याला एकेकटी ओळखू यावीत अशी हवी होती.

शेजारच्या प्रेषितांच्या चर्चखाली उत्खननात फार जुन्या संन्याशांच्या खोल्या सापडल्या आहेत. जेमतेम एक माणूस बसेल आणि झोपेल एवढी जागा, स्वयंपाकाची चूल, आणि दगडमातीच्या भिंती. त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते की अँथनी वर गुहेत असताना खाली शिष्यांची वस्ती वाढत गेली. माणसे त्यांच्या मागोमाग इथेही आली.

गुरुवार, गुहा

सकाळी लवकर चढायला सुरुवात केली. मठामागून हजाराहून अधिक पायऱ्या कड्यावर जातात. वाटेत 'भोळे पौल' या शिष्याचे लहानसे प्रार्थनास्थळ लागते. साठीचा हा शेतकरी बायकोच्या व्यभिचाराने घर सोडून आला आणि मला संन्यासी करा म्हणून अँथनींच्या दाराशी बसला. तुझे वय झाले, गावी जाऊन काम कर, असे अँथनींनी परोपरीने सांगितले, दार लावून घेतले, तरी तो हलला नाही. मग अँथनींनी त्याला खजुरीच्या पात्यांचा दोर वळायला दिला, वळून झाल्यावर सगळा उसकटायला सांगितला, आणि पुन्हा वळायला लावला. म्हातारा न कुरकुरता वळत राहिला. अँथनींनी त्याला ठेवून घेतले.

वर पोहोचल्यावर बाहेर एक अरुंद सज्जासारखी कपार आहे. तिथून वादी अरबा आणि पलीकडचा उत्तर गलाला सबंध दिसतो; पूर्वेला तांबड्या समुद्राच्या बाजूचे आकाश अधिक पांढुरके असते. गुहेत शिरायला एकामागे एक, अंग तिरके करून जावे लागते. खडकाच्या भेगेतून काही पावले गेल्यावर दोन्ही खांदे दगडाला घासतात, मग दोन-तीन पायऱ्या उतरून एक लहानशी खोली येते. तिथे छोटी वेदी आहे, मूर्तिचित्रे आहेत आणि भिंतीतल्या फटीत यात्रेकरूंनी घड्या घालून खोचलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या आहेत. काही जुन्या चिठ्ठ्यांची शाई उडाली आहे. एका आईने कैरोहून आणलेल्या आपल्या मुलाला वाकवून चिठ्ठी ठेवायला लावली आणि त्याचे कपाळ खडकाला टेकवले.

अथनेशियसच्या चरित्रातला एक प्रसंग या कपारीत उभे राहून वाचायला मी बरोबर आणला होता. शिष्यांना आपल्यासाठी भाकऱ्या वाहून आणाव्या लागतात, हा त्रास अँथनींना सोसवेना. त्यांनी एक कुदळ, एक कुऱ्हाड आणि थोडे गव्हाचे बी मागवले, पायथ्याशी ओलीची जागा शोधली, मशागत केली, गहू पेरला, आणि आपली भाकरी आपण पिकवली. नंतर भेटीला येणाऱ्यांची दमछाक पाहून त्यांच्यासाठी थोडी भाजी लावली. पाण्याला येणारी रानजनावरे पीक तुडवू लागली तेव्हा त्यांतल्या एकाला हलकेच धरून ते म्हणाले, "मी तुमचे काही वाईट केले नाही, मग तुम्ही माझे का करता?" जनावरे पुन्हा आली नाहीत, असे चरित्रकार लिहितात. मला त्यातला चमत्कार बाजूला ठेवला तरी चालतो; भाजीचा वाफा पुरेसा आहे. डोंगरात एकटा राहणारा माणूस वाटसरूंसाठी भाजी लावतो.

त्यांची वचने याच अंगाने वाचावीत असे मला वाटते. "आपले जगणे आणि मरणे शेजाऱ्यापाशी आहे, भावाला जिंकले तर देव जिंकला, भावाला दुखावले तर ख्रिस्ताविरुद्ध पाप केले." शहरातला एक वैद्य, जो गरजेपेक्षा अधिक मिळेल ते गरिबांना देतो आणि दिवसभर देवदूतांसह स्तुतिगीत गातो, तो तुझ्या बरोबरीचा आहे, असे देवाने आपल्याला दाखवल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. काहींनी उपासांनी शरीर झिजवले पण विवेक नसल्यामुळे ते देवापासून दूरच राहिले, असेही त्यांचे म्हणणे होते. एका शिकाऱ्याने त्यांना शिष्यांबरोबर मोकळेपणाने हसताना पाहिले आणि त्याला ते खटकले. अँथनींनी त्याला धनुष्य ताणायला सांगितले, आणखी ताण, आणखी ताण म्हणाले, आणि धनुष्य मोडेल असे शिकारी म्हणाला तेव्हा उत्तर दिले, की भावांनाही सतत ताणले तर तेही मोडतील. याच बरोबर, खोलीबाहेर फार वेळ रेंगाळणारा संन्यासी पाण्याबाहेरच्या माशाप्रमाणे मरतो, असे सांगणारेही तेच. गुहेत थोडा वेळ बसल्यावर या दोन्ही वचनांचा मेळ मला लागला. खोलीत राहून ज्याचा राग, हाव आणि भीती निवळली आहे तोच भावाच्या उपयोगी पडतो, म्हणून खोली सोडायची नाही.

दुपारी अबूनांशी मी हा विषय काढला. त्यांनी वचनांच्या संग्रहातल्या अँथनींच्या पहिल्या वचनाची आठवण दिली. एकदा अँथनींना भयंकर मरगळ आली, मन कशातच लागेना, काय करावे म्हणून त्यांनी देवाला विचारले. बाहेर त्यांना आपल्यासारखाच एक माणूस दिसला, जो बसून दोर वळत होता, उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून वळत होता. तो देवदूत होता आणि त्याने एवढेच सांगितले: असे कर, म्हणजे तरशील. अबूना म्हणाले की मठात नवा आलेला तरुण खचला की वडील संन्यासी त्याला आजही हीच गोष्ट सांगतात आणि कामाला लावतात.

शुक्रवार, संत पौलांचा मठ

पहाटेच्या मिस्सेत संतांच्या स्मरणाची लांब यादी म्हटली जाते. तिच्यात "महान अब्बा अँथनी" नंतर लगेच "नीतिमान अब्बा पौल" येतात. सकाळी आम्ही त्याच पौलांच्या, म्हणजे चित्रात पाहिलेल्या थीबच्या पौलांच्या, मठाकडे निघालो. डोंगर ओलांडून पायी वाट आहे, पण गाडीला झाफराना येथे समुद्रकिनाऱ्यापर्यंत उतरून, पवनचक्क्यांच्या रांगा मागे टाकून, दक्षिणेला वळून पुन्हा डोंगरात शिरावे लागते. शुक्रवार सुटीचा दिवस, त्यामुळे कैरोहून आलेल्या बसगाड्या, डबे घेऊन आलेली कुटुंबे आणि मुलांचा गलबला. मला हा गलबला आवडला.

पौलांची गुहा म्हणजेच इथले मूळ चर्च. पायऱ्या उतरून खडकाच्या पोटात जावे लागते, आणि पौलांची समाधी तिथेच आहे. भिंतींवरची काही चित्रे तेराव्या शतकातली, पण बरीचशी १७१३ च्या सुमारास मठातल्याच एका संन्याशाने काढलेली, ज्याने कोणत्याही गुरूकडे चित्रकला शिकली नव्हती. त्याने तेजोवलये कंपासने आखली आहेत. थिओडोरच्या हाताची सफाई इथे नाही, तरी घोडेस्वार संतांचे गोल चेहरे पाहताना काढणाऱ्याची श्रद्धा जाणवते.

पौल आणि अँथनी यांच्या भेटीची कथा लॅटिन लेखक जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिली. तिच्या ऐतिहासिकतेबद्दल अभ्यासक साशंक आहेत आणि मीही ती इतिहास म्हणून वाचत नाही. नव्वदीतल्या अँथनींना वाटले की वाळवंटात आपल्याआधी कोणी संन्यासी नसेल. स्वप्नात त्यांना कळले की आपल्याहून श्रेष्ठ एक जण आत राहतो. शोधत आले तेव्हा ११३ वर्षांच्या पौलांनी पहिल्याच बोलण्यात विचारले, मानवजातीचे कसे चालले आहे, जुन्या शहरांत नवी घरे उठतात का, राज्य कोणाचे आहे. इतकी वर्षे एकट्याने काढलेल्या माणसाला सर्वांत आधी हेच जाणून घ्यावेसे वाटले, असे लिहिणाऱ्या जेरोमना वाळवंटाचे मर्म कळले होते. रोज अर्धी भाकरी आणणाऱ्या कावळ्याने त्या दिवशी पूर्ण आणली. ती मोडायची कोणी यावर दोघांचा संध्याकाळपर्यंत वाद झाला: पौल म्हणत पाहुण्याने, अँथनी म्हणत वडिलांनी. अखेर दोघांनी एकेक टोक धरून ओढले.

पौल वारल्यावर अथनेशियसनी दिलेल्या अंगरख्यात गुंडाळून अँथनींनी त्यांना पुरले, सिंहांनी खड्डा उकरला, आणि पौलांचे पात्यांचे वस्त्र अँथनी पुढे पुनरुत्थानाच्या आणि पेंटेकॉस्टच्या सणाला घालू लागले. अथनेशियसच्या चरित्रात मात्र तो अंगरखा अँथनींपाशी शेवटपर्यंत आहे, त्यामुळे दोन्ही ग्रंथांतला अंगरखा एकच धरला तर हिशेब जुळत नाही. मी अथनेशियसचा हिशेब धरतो. १०५ वर्षांच्या अँथनींनी मरणापूर्वी सोबतच्या दोन शिष्यांना सांगितले, की माझे शरीर मिसरी चालीप्रमाणे घरात जपून ठेवायला कोणाला देऊ नका, जमिनीत पुरा आणि जागा कोणाला सांगू नका. मग त्यांनी वाटणी केली. एक मेंढीचे कातडे आणि अंथरायचा अंगरखा अथनेशियसना द्यायचा, कारण तो त्यांनी नवा दिला होता आणि आता वापरून जुना झाला आहे. दुसरे कातडे बिशप सेरापियोन यांना. आणि केसांचे वस्त्र त्या दोघा शिष्यांनी ठेवून घ्यायचे.